हमालाच्या नावाचा प्याला

ज्या गावी परवान्यावाचून मद्याचा थेंबही जवळ बाळगणे हा गुन्हा, त्या आपल्या बडोद्याच्या वाचकांपुढे एका इंग्रजी बिअरचे रसग्रहण मांडायचे, म्हणजे एकादशीच्या दिवशी पंगतीचे वर्णन ऐकवण्यासारखे आहे. तेव्हा आरंभीच क्षमा मागून ठेवतो. मी पट्टीचा पिणारा नव्हे आणि मद्याची तरफदारी करण्याचा माझा हेतूही नाही. गुजरात राज्य १९६० साली जन्मले तेच दारूबंदी घेऊन, आणि त्या नियमात आमची सारी हयात सुखाने गेली. तरीही या बिअरविषयी लिहावेसे वाटले, ते तिच्या चवीइतकेच तिच्या नावामुळे. तिचे नाव पोर्टर. पोर्टर म्हणजे हमाल.

मद्यांना गावांची नावे असतात, प्रांतांची असतात, मठांची आणि सरदारांचीही असतात. शँपेन हे प्रांताचे नाव, पोर्ट हे बंदराचे. परंतु पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाचे नाव मिळालेले आणि ते तीनशे वर्षे टिकलेले दुसरे पेय निदान माझ्या माहितीत नाही. या नावाच्या मागे काय आहे, आणि आज जे पोर्टर म्हणून आपल्यापुढे येते ते खरोखर त्या हमालांचेच पेय आहे काय, हा या लेखाचा विषय.

२०१८ च्या नोव्हेंबरात मी लंडनला भाच्याकडे गेलो होतो. एके दिवशी दुपारी तो मला फ्लीट स्ट्रीटवर घेऊन गेला. ही एके काळची वृत्तपत्रांची आळी. आता तेथे छापखाने नाहीत आणि संपादकही नाहीत. पण रस्त्याच्या एका अंगाला अरुंद बोळ आहे आणि त्या बोळात ‘चेशायर चीझ’ नावाचा जुना पब आहे. १६६६ च्या मोठ्या आगीत तो जळाला आणि दुसऱ्याच वर्षी पुन्हा बांधला गेला. आत शिरताच डोळ्यांपुढे अंधारी आली. काळवंडलेले लाकूड, हाताला लागेल एवढे बुटके छत, आणि कोपऱ्यात शेगडीची धग. बाहेर पावसाची बुरबुर चालू होती. अशा वेळी आपल्याकडे माणसाला चहा आणि भजी आठवतात.

भाचा म्हणाला, “मामा, आधी एकच बाटली मागवू. तुम्हाला नाही रुचली तर मी संपवीन.”

“आणि रुचली तर?” मी विचारले.

“तर दुसरी माझ्यासाठी,” तो म्हणाला.

बाटली आली ती ‘टॅडी पोर्टर’ची. यॉर्कशायरमधील टॅडकास्टर या गावी सॅम्युएल स्मिथ यांची भट्टी आहे. ती १७५८ साली सुरू झाली, आणि त्या वेळी खणलेल्या विहिरीचेच पाणी आजही बिअरसाठी उपसतात, असे ते अभिमानाने सांगतात. बिअर आंबवण्याचे त्यांचे हौदही जुन्या पद्धतीचे, पाटीच्या काळ्या दगडाचे. मद्यार्काचे प्रमाण शेकडा पाच. म्हणजे वाइनच्या निम्म्याहूनही कमी.

पेल्यात ओतताना पाहिले तर द्रव काळाकुट्ट. पण पेला शेगडीच्या उजेडासमोर धरला तेव्हा कडेला माणकासारखा तांबडा रंग झळकला. वरचा फेस पांढरा नव्हे, दुधाच्या कॉफीसारखा बदामी. मी नाकाशी नेला. वास ओळखीचा वाटला आणि काही क्षण तो कोठला ते आठवेना. मग उमगले: घरी कॉफीचे दाणे भाजायला घ्यावेत आणि कढईवरून क्षणभर लक्ष उडावे, तेव्हा जो वास सुटतो तो. त्याच्या मागून काकवीचा जडसा गोड वास, आणि अगदी तळाशी किंचित लाकडाच्या धुराचा भास.

पहिला घोट गोड लागला. काकवी पाण्यात पातळ करून कोणी दिली असावी असे वाटले. परंतु तो गोडवा जिभेवर फार वेळ बसत नाही. लगेच भाजलेपणाची चव येते. चुलीवरच्या भाकरीला एखादा करपट पापुद्रा असतो आणि पोरे तोच आधी मागतात, ती ही चव. शेवटी घशापाशी कडवटपणा उरतो, पण तो कारल्याचा नव्हे. साखर न घातलेल्या कॉफीचा कोरडा, स्वच्छ कडवटपणा. पेय बर्फासारखे थंड नव्हते. तळघरात ठेवलेल्या माठाच्या पाण्याइतकेच गार होते. फार गार केले तर जीभ बधिर होते आणि हे सारे बारकावे हरवतात, असे भाच्याने सांगितले. पुढे पेला हळूहळू तापत गेला तशी कडू चॉकलेटची चव वर आली. यात चॉकलेट नसते, हेही सांगून ठेवले पाहिजे. जवाला मोड आणून, तो वाळवून, चॉकलेटच्या रंगाइतका भाजतात. त्या भाजलेल्या मोडधान्यालाच ‘चॉकलेट माल्ट’ म्हणतात. नाचणीचे सत्त्व करताना आपण मोड आणून वाळवतो आणि दळतो, त्याच जातीची ही क्रिया.

मला ती बिअर रुचली, हे कबूल करतो. दुसरी बाटली भाच्यासाठी मागवावी लागली.

पेला आणून देणाऱ्या तरुणाने जाता जाता सांगितले की हे अगदी पारंपरिक पेय आहे, अठराव्या शतकातले, जसेच्या तसे. ‘जसेच्या तसे’ हे शब्द माझ्या मनात रुतून बसले. कारण ‘पारंपरिक’ म्हणून जे जे आपल्यापुढे वाढले जाते, मग ते संगीत असो, पैठणी असो की पुरणपोळी असो, त्याची थोडी चौकशी केल्यावाचून मला राहवत नाही. परत आल्यावर मी या पोर्टरचा माग काढू लागलो. तो काढता काढता आधी भेटले ते हमालच.

अठराव्या शतकातील लंडन हे हमालांच्या पाठीवर उभे होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. टेम्स नदीवर जहाजे लागत. त्यांतील धान्य, कोळसा, मीठ, मासळी, गाठोडी आणि पेट्या माणसेच वाहून नेत. हमालांचे दोन मोठे वर्ग होते. जहाजातून मोजून-मापून उतरवायचा माल ‘फेलोशिप पोर्टर’ वाहत. आणि शहरभर चिठ्ठ्या, गाठोडी, सामान पोचवणारे ते ‘तिकीट पोर्टर’. तिकीट म्हणजे धातूचा बिल्ला. तो अंगावर असल्यावाचून शहरात हमाली करता येत नसे. डिकन्सच्या वाचकांना हे दोन्ही वर्ग आठवतील: ‘द चाइम्स’ या कथेतला म्हातारा ट्रॉटी हा तिकीट पोर्टर, आणि ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ या कादंबरीतील नदीकाठच्या पबचे नावच मुळी ‘सहा आनंदी फेलोशिप पोर्टर’ अशा अर्थाचे.

या माणसांना दिवसभर अंगमेहनत असे, आणि शहरातल्या पाण्याचा भरवसा थोडा. त्यांना हवी होती अशी बिअर की जी स्वस्त असेल, पोटाला आधार देईल आणि जिच्यात दम असेल. जवाचे मोड लाकडाच्या जाळावर तांबूस होईपर्यंत भाजून, त्यात हॉप नावाच्या वेलीची कडू फुले भरपूर घालून जी गडद बिअर लंडनच्या भट्ट्यांत तयार होऊ लागली, ती या लोकांनी उचलून धरली. त्यांच्यावरूनच तिचे नाव पडले. १७२६ साली सेसार द सोस्यूर नावाचा एक स्विस प्रवासी लंडनमध्ये होता. त्यानेही आपल्या पत्रात हेच लिहून ठेवले आहे की कष्टकरी वर्गात ही बिअर फार खपते म्हणून तिला पोर्टर म्हणतात.

इंग्रजी पुस्तकांत मात्र बरीच वर्षे एक वेगळीच कथा सांगितली जात होती. शोरडिच भागात राल्फ हार्वुड नावाचा एक भट्टीवाला होता. त्या काळी गिऱ्हाईक तीन वेगवेगळ्या पिंपांतली बिअर एका पेल्यात मिसळून मागत. दुकानदाराला तीनदा तोट्या सोडाव्या लागत. हा खटाटोप वाचवण्यासाठी हार्वुडने १७२२ साली तिन्हींची चव एकाच पिंपात आणली आणि पोर्टर जन्मली, असे ही कथा सांगते. कथा सुटसुटीत आहे. कोणत्याही कथेला एक नायक आणि एक साल लागते, ती दोन्ही हिच्यात आहेत. पण ही कथा छापून आली ती १८०२ साली, म्हणजे घटनेनंतर ऐंशी वर्षांनी. आणि ‘पोर्टर’ हा शब्द निकोलस ॲमहर्स्ट याच्या लिखाणात १७२१ सालीच सापडतो. जे मूल १७२२ साली जन्मले म्हणतात, त्याचे नाव १७२१ साली लोकांच्या तोंडी होते! तात्पर्य, पोर्टरचा कोणी एक शोधक नव्हता. अनेक भट्ट्यांनी हळूहळू चव सुधारली आणि हमालांनी ती आपलीशी केली. इतिहासाला मात्र कारखानदाराचे नाव सापडले. हमालांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

येथे दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. बेंजामिन फ्रँकलिन तरुणपणी, १७२५ च्या सुमारास, लंडनच्या एका छापखान्यात कामाला होता. त्याचे सोबती दिवसाकाठी पाच-सहा पाइंट बिअर पीत आणि जड कामाला जोर लागतो म्हणून पितो असे सांगत. फ्रँकलिन पाणी पिऊन त्यांच्या दुप्पट ओझे जिन्यावरून नेई. तो त्यांना समजावी की बिअरमध्ये धान्याचा जेवढा अंश, त्याहून अधिक एका पेनीच्या पावात आहे. दर शनिवारी त्यांच्या मजुरीतून चार-पाच शिलिंग दारूपायी कापले जात, हेही त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. दारूबंदीच्या गावातल्या वाचकाला ही साक्ष पटेल. कष्टकऱ्याच्या पेयाचा गौरव करताना, ते पेय त्याच्या घामाचे दाम कसे गिळत होते हे विसरून चालणार नाही.

दाम कोठे गेले ते पाहायचे असेल तर भट्ट्यांच्या मालकांकडे पाहावे. हमालांच्या तहानेवर लंडनमध्ये जी घराणी उभी राहिली, ती सरदारांच्या बरोबरीची झाली. सॅम्युएल व्हिटब्रेड याने १७५० साली चिझवेल स्ट्रीटवर मोठी भट्टी घातली. १७८५ साली तेथे जेम्स वॉटचे वाफेचे यंत्र बसले, आणि १७८७ साली खुद्द तिसरा जॉर्ज राजा राणीसह ते पाहायला आला. १७९६ साली या एका भट्टीने दोन लाखांहून अधिक पिंपे पोर्टर काढली. एक पिंप म्हणजे छत्तीस गॅलन, सुमारे १६५ लिटर. साउथवर्क भागात हेन्री थ्रेल याची भट्टी होती. कोशकार डॉक्टर जॉन्सन हा थ्रेल कुटुंबाचा घरोब्याचा स्नेही. थ्रेल वारल्यावर १७८१ साली ही भट्टी १,३५,००० पौंडांना विकली गेली, आणि त्या विक्रीच्या वेळी मृत्युपत्राचा एक विश्वस्त या नात्याने जॉन्सन लगबगीने वावरत होता. आम्ही ज्या बोळातल्या पबात बसलो होतो, तेथून चार पावलांवर गॉफ स्क्वेअरमध्ये त्याचे घर आहे. तेथेच त्याने आपला शब्दकोश सिद्ध केला.

पोर्टर ही नुसती काढून विकायची बिअर नव्हती. ती मुरवावी लागे. लोणचे मुरावे तशी ती महिनोन् महिने लाकडी पिपांत मुरे. जसजसा खप वाढला तसतशी ही पिपे मोठी होत गेली. कोणाचे पीप मोठे, अशी भट्टीवाल्यांत चढाओढच लागली. या चढाओढीचा शेवट काय झाला, ते लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडच्या कोपऱ्याला विचारावे.

तेथे म्यू आणि मंडळींची ‘हॉर्स शू’ भट्टी होती. तिच्यातले एक पीप बावीस फूट उंच होते आणि त्यात ३,५५५ पिंपे, म्हणजे सुमारे पावणेसहा लाख लिटर पोर्टर मुरत पडली होती. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास त्या पिपाचा एक लोखंडी पट्टा निसटला. असे पट्टे वर्षातून दोन-तीनदा निसटतच, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. तासाभराने पीप फुटले. त्याच्या धक्क्याने आणखी पिपे गेली, मागची विटांची भिंत कोसळली आणि पोर्टरचा लोंढा सेंट जाइल्सच्या वस्तीत शिरला. ती लंडनमधली अत्यंत गरीब वस्ती. तळघरांतूनही कुटुंबे राहत. एका घरात दोन वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनिमित्त आयरिश शेजारणी जमल्या होत्या. त्या मुलाच्या आईसह तेथे पाच जण मरण पावले. पलीकडच्या पबाच्या अंगणात चौदा वर्षांची एक मोलकरीण भांडी घाशीत होती. तिच्यावर भिंत पडली. चहाला बसलेली चार वर्षांची एक मुलगी आणि आणखी एक लहान मुलगी वाहून गेली. एकूण आठ मेली; आठही जण स्त्रिया आणि मुले.

चौकशीत हा निव्वळ अपघात ठरला. कोणावर दोष आला नाही. वाया गेलेल्या बिअरवर भरलेली जकात कंपनीला पुढे परत मिळाली. ती सव्वासात हजार पौंडांच्या घरात होती. मृतांच्या अंत्यविधीसाठी पाहायला आलेल्या लोकांनी नाणी टाकली. त्या दिवशी लोकांनी रस्त्यावर ओणवून बिअर प्यायली आणि दंगल केली, असे पुढे रंगवून सांगितले गेले. त्या वेळच्या वृत्तपत्रांत त्याचा मागमूसही नाही. गरीब मेले तरी त्यांच्याविषयी विनोदच उरतो, दुसरे काय? त्या जागी आता डोमिनियन थिएटर आहे. आम्ही बसमधून तेथून गेलो तेव्हा नाटकाच्या तिकिटांसाठी रांग लागली होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही पोर्टर ‘जशीच्या तशी’ आहे काय?

नाही. आणि ती बदलली ती आजकाल नव्हे, दोनशे वर्षांपूर्वीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस भट्टीवाल्यांच्या हाती हायड्रोमीटर आला. द्रवाची दाटी मोजणाऱ्या या उपकरणाने एक गुपित फोडले. १७८४ साली जॉन रिचर्डसन याने आपल्या प्रयोगांवर पुस्तक लिहिले. त्यातून भट्टीवाल्यांना कळले की तांबूस भाजलेल्या जवापेक्षा फिक्या, हलक्या भाजलेल्या जवातून साखर कितीतरी जास्त निघते. म्हणजे तांबूस जव हा तोट्याचा सौदा. मग फिका जव वाढला आणि तांबूस घटला. पण गिऱ्हाइकाला पोर्टर काळीच हवी! रंगासाठी जळकी साखर आणि इतर नाना पदार्थ पडू लागले. १८१६ साली पार्लमेंटने कायदा करून हे सारे बंद केले. लगेच १८१७ साली डॅनियल व्हीलर याने लोखंडी पिंपात, कॉफी भाजतात त्याप्रमाणे, जव काळाकुट्ट भाजण्याचे पेटंट घेतले. त्याचा थोडासा अंश घातला की सबंध घाणा काळा होई. आज आपण ज्याला पोर्टरचा कॉफीसारखा भाजलेला स्वाद म्हणतो, तो मुख्यतः या शोधाच्या नंतरचा आहे. फ्रँकलिनच्या काळच्या हमालाने प्यायलेली पोर्टर वेगळी होती. अधिक धुरकट, अधिक तांबूस.

आणि बहुधा किंचित आंबटही. मुरवण्याच्या लाकडी पिपांत एक निराळेच किण्व वस्ती करून असे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग भट्टीतील शास्त्रज्ञ क्लाउसेन यांनी १९०४ साली ते इंग्रजी बिअरमधून शोधून काढले आणि त्याला ब्रेटॅनोमायसीस, म्हणजे ‘ब्रिटिश बुरशी’, असे नाव दिले. त्याने जुन्या चामड्याचा, तबेल्याचा असा वास येतो. आज बहुतेक भट्टीवाले ते दोष मानून घासूनपुसून घालवतात. जुन्या गिऱ्हाइकाला मात्र तोच मुरलेपणाचा दाखला वाटे.

पुढे काळच पालटला. एकोणिसाव्या शतकात लोकांना ताजी, गोडसर, न मुरवलेली बिअर आवडू लागली. पोर्टरचा एक दणकट प्रकार होता, त्याला ‘स्टाउट पोर्टर’ म्हणत. त्यातले पोर्टर गळून नुसता ‘स्टाउट’ उरला आणि आयर्लंडच्या गिनेसने त्यावर जग जिंकले. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई आली, बिअर पातळ करण्यात आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत ज्या लंडनने पोर्टरला जन्म दिला तेथे ती नाहीशी झाली. १९७१ साली इंग्लंडात जुन्या पद्धतीच्या बिअरसाठी ग्राहकांची चळवळ सुरू झाली. त्या दशकाच्या अखेरीस काही भट्ट्यांनी पोर्टर पुन्हा काढली. लंडनच्या चिझविकमधील फुलर यांची ‘लंडन पोर्टर’ आली ती १९९६ साली. म्हणजे परंपरा अखंड चालत आलेली नाही. ती तुटली होती, आणि मागून सांधली गेली.

या पेयाचा आपल्या भूमीशीही एक संबंध आहे. हिंदुस्थानासाठी पाठवलेली बिअर म्हटली की जाणकार फिक्या ‘इंडिया पेल एल’चेच नाव घेतात. पण ती साहेबांची, अधिकाऱ्यांची. कंपनीच्या पलटणीतल्या गोऱ्या शिपायांसाठी जहाजे भरभरून यायची ती पोर्टरची पिंपे. सूएझ कालवा १८६९ साली खुला झाला. त्यापूर्वी आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन् महिने समुद्रावर हेलकावे खात ती मुंबई, मद्रास, कलकत्ता गाठीत. येथेही दर्जाची वाटणी तशीच राहिली: अधिकाऱ्याला फिकी, शिपायाला काळी.

लंडनहून निघण्याच्या आदल्या रात्री भाच्याने घरी फुलरची ‘लंडन पोर्टर’ उघडली. मद्यार्क शेकडा ५.४. टॅडी पोर्टरपेक्षा ही अंगाने भरलेली, जिभेवर सायीसारखी पसरणारी. भाजलेपण सौम्य, चॉकलेट अधिक. घोट गिळल्यावर तांबूस भाजलेल्या जवाची, शेंगदाण्याच्या टरफलासारखी खमंग चव मागे राहते. दोन्हींत मला उजवी वाटली ती टॅडीच; तिच्यातला करपट कोरडेपणा नावाला साजेसा आहे. पण दोन्ही उत्तम, यात शंका नाही. मी तसे म्हणताच भाचा म्हणाला, “मामा, आता तुम्हीच सांगा, ही खरी पोर्टर की खोटी?”

मला त्याच दिवशी दुपारी पाहिलेली एक गोष्ट आठवली. पिकॅडिलीच्या रस्त्यावर, ग्रीन पार्कच्या कडेला, दोन खांबांवर एक जाड फळी आडवी बसवली आहे. ती बसण्यासाठी नाही. ती खांद्याच्या उंचीवर आहे. हमालाने पाठीवरचे ओझे तिच्यावर टेकवावे, दम खावा आणि पुन्हा तसेच उचलावे, म्हणून १८६१ साली स्लेनी नावाच्या पार्लमेंटच्या एका सभासदाच्या सूचनेवरून ती उभारली गेली. केरळात आणि तामिळनाडूत रस्त्याच्या कडेला अशाच कामासाठी उभारलेल्या दगडी चौकटी आहेत. पिकॅडिलीची मूळ फळी मध्यंतरी नाहीशी झाली आणि तिच्या जागी हुबेहूब नवी बसवली. मी तिच्यावर हात ठेवून पाहिला. लाकूड नवे, आकार जुना, आणि ओझे टेकवायला मात्र कोणी नाही. फेलोशिप पोर्टरांची संस्था १८९४ साली मोडली. बिलिंग्जगेटच्या मासळीबाजारातले बिल्लेवाले हमाल तेवढे टिकले होते, त्यांचेही परवाने २०१२ साली रद्द झाले.

“पेय खरेच आहे,” मी भाच्याला म्हटले. “ज्याच्यासाठी केले तो माणूस तेवढा उरला नाही.”

आपल्याकडे पुण्यात हमाल पंचायतीने स्वस्त जेवणाची केंद्रे काढली आणि त्यांना ‘कष्टाची भाकर’ असे नाव दिले. तेथे नाव, अन्न आणि ते खाणारा माणूस ही तिन्ही एका ठिकाणी आहेत. पोर्टरच्या बाबतीत ती फारकत झाली. हमालाचे पेय आज रसिक मंडळी मंद दिव्याखाली घोट घोट घेतात, त्यातल्या छटा वहीत टिपतात. मीही तेच केले, आणि आता तर त्यावर लेखही लिहिला. यात काही पाप आहे असे मला वाटत नाही. पण पेल्यावर ज्याचे नाव आहे त्याची आठवण ठेवावी, एवढे तरी त्याचे देणे लागतो.

बडोद्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा लाल सदऱ्यातला हमाल पुढे झाला. सरकारने २०१६ साली त्यांचे नाव बदलून ‘सहायक’ केले, ओझे मात्र तेच ठेवले. त्याच्या दंडावर पितळी बिल्ला होता, त्यावर क्रमांक कोरलेला. तो बिल्ला मी आयुष्यभर पाहत आलो होतो. त्या दिवशी प्रथमच नीट पाहिला. हमाली ठरवताना घासाघीस करण्याची माझी जुनी सवय आहे. त्या दिवशी केली नाही.